कागलचा गुणा, आजऱ्याचा छावा : पुस्तक आधी का पिक्चर आधी?

आनंद यादव कागलचे, शिवाजी सावंत आजऱ्याचे, म्हणजे दोघंही आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. सध्या दोघांच्या एकेक कादंबऱ्या लागोपाठ वाचून काढल्या आणि त्यावरचे पिक्चरही परत बघितले, म्हटलं लिहावं जरा.

आधी यादवांचं नटरंग. पिक्चर सगळ्यांनी बघितलाय, १ जानेवारी २०१० ला आला होता, रवी जाधवचा पहिलाच, आणि गाणी तर अजून प्रत्येक गॅदरिंगला वाजतात. पण पुस्तक वाचलेली माणसं विचारली तर हाताच्या बोटावर मोजण्याइतकी निघतात आणि तिथंच आपण फसतोय. यादवांची भाषा म्हणजे नाद खुळा, कागल-मुरगूडकडचा म्हातारा बांधावर बसून बोलतोय असं वाटतं, एक शब्द सजवलेला नाही. ज्यांना ही बोली कानाला नवीन आहे त्यांना पहिली काही पानं जड जातील, पण एकदा लय सापडली की पुस्तक खाली ठेववत नाही.

पिक्चरनं एक गोष्ट मात्र पुस्तकापेक्षा भारी केलीय, ती म्हणजे अंग. मालकाच्या विहिरीवर पंप येतो, मोटेवरच्या माणसांचं काम जातं, मग हे गडी तमाशाचा फड काढतात, आणि नाच्या (तमाशात बायकी हावभाव करत नाचणारा गडी) कुणीच व्हायला तयार नाही म्हणून शेवटी पैलवानी बांध्याचा नायक गुणाच उभा राहतो. वाचताना हे आपण समजून घेतो, पडद्यावर अतुल कुलकर्णीची ती छाती, ते दंड आधी बघितलेले असतात आणि नंतर तोच माणूस वाळलेला, कंबर मोडत चालताना, मान तिरकी करून हात झटकताना दिसतो, तेव्हा पोटात कालवतं राव. कोल्हापुरात तालमीतल्या अंगाला काय मान आहे ते वेगळं सांगायला नको, त्यामुळं आपल्याकडच्या प्रेक्षकाला ते जरा जास्तच लागतं. गाण्यांबद्दल माझी थोडी तक्रार आहे, अजय-अतुलनी लई भारी दिलीयत पण अप्सरा आली सुरू झालं की गुणाचं काय चाललंय ते दहा मिनिटं डोक्यातनं जातं. पुस्तकात अशी सुटका नाही. किशोर कदमचा पांडबा मात्र एकदम खटक्यावर बोट.

आता छावा. कादंबरी १९७९ ची, जाडजूड, आणि सावंतांची भाषा यादवांच्या एकदम उलट, अलंकार, उपमा, लांबलचक वाक्यं. मला मधेमधे दमायला झालं, खोटं कशाला बोलू. पण त्यात संभाजीराजांचं सगळं आयुष्य आहे, मुघलांच्या दिलेरखानाकडं जाणं, परत येणं, पन्हाळ्यावर बापलेकांची भेट, आणि १६८० मधे थोरल्या महाराजांच्या निधनाची बातमी पन्हाळ्यावरच कळणं. ही पानं आपल्याकडच्या माणसानं वाचलीच पाहिजेत, त्यानंतर रविवारी झुणका-भाकरी खायला गडावर गेलं की सज्जाकोठी, म्हणजे संभाजीराजे राहिले ती इमारत, वेगळीच दिसते.

२०२५ च्या हिंदी पिक्चरमधे यातलं जवळजवळ काहीच नाही. लक्ष्मण उतेकरांनी थेट बुऱ्हाणपूरच्या छाप्यापासनं धरलंय आणि मग लढाई, लढाई, लढाई. विकी कौशलनं जीव ओतलाय ते मान्य, संगमेश्वरची झुंज बघताना थेटरात माणसं उभी राहिली होती, शेवटी गारद (महाराजांच्या बिरुदांची ललकारी) म्हणताना तर अंगावर काटा आला. पण राजा म्हणून, मुलगा म्हणून, चुकलेला-सावरलेला माणूस म्हणून जो कादंबरीत भेटतो तो इथं भेटतच नाही, फक्त वाघ भेटतो. शेवटचा छळाचा भागही लई ताणलाय, माझ्या शेजारची पोरं डोळे झाकून बसलेली (लहान पोरांना नेऊ नका प्लीज). त्यात साखळदंडात जखडलेले राजे आणि त्यांचे मित्र कवी कलश एकमेकाला कवितेत उत्तर देतात तेवढा तुकडा अस्सल वाटला. आणि औरंगजेब झालेला अक्षय खन्ना, कमी बोलून सगळ्यांना खाऊन टाकलंय त्यानं.

जाड कादंबरीतनं पिक्चर होतच नाही असं नाही हां. सिंहासन बघा, अरुण साधूंच्या एक नाही दोन कादंबऱ्या एकत्र करून विजय तेंडुलकरांनी पटकथा केली, जब्बार पटेलांनी १९७९ मधे पिक्चर काढला, आणि दिगू पत्रकाराच्या मागनं आपण सगळं राजकारण बघत जातो, कुठं तुटल्यासारखं वाटत नाही. मुख्यमंत्री आपल्या कोल्हापूरचे अरुण सरनाईक, काय तो रुबाब! गाळायचं सगळ्यांनाच लागतं, पण तेंडुलकरांनी पात्रं गाळताना माणूस ठेवला, छावात माणूसच गाळला.

तर माझं मत, नटरंग आधी बघा मग वाचा, छावा मात्र आधी वाचा. पुस्तकं विकत घ्यायची नसतील तर करवीर नगर वाचन मंदिरात विचारा, मी तिथलीच वाचली, नटरंगच्या प्रतीत कुणीतरी पेन्सिलनं अवघड शब्दांचे अर्थ समासात लिहून ठेवलेत, पुण्याकडचा वाचक असणार. पुढचा नंबर व्यंकटेश माडगूळकरांच्या बनगरवाडीचा, पुस्तक घरात आहे पण अमोल पालेकरांचा १९९५ चा पिक्चर चांगल्या प्रिंटमधे कुठं बघायला मिळतोय ते कुणाला माहीत असेल तर सांगा.