हॅन्डब्रेकचे साडेसहा हजार

आमच्या दारात असा उतार आहे, की गाडी लावली की मागच्या चाकाला दगडाची उटी लावायची ही आईची शिस्त. साताऱ्यात किल्ल्याच्या बाजूला राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. गाडी २००८ची वॅगनआर. १५ वर्षं भरली, पासिंग करून ५ वर्षं वाढवून घ्यायची होती, आणि नेमका त्याच वेळी हॅन्डब्रेक गेला. दहा-अकरा 'कट कट' होईपर्यंत ओढला तरी गाडी मागं सरकायची.

एका गॅरेजात दाखवली. नाव लिहीत नाही. सकाळी गाडी टाकली, दुपारी फोन आला, "साहेब, एकदा येऊन बघून जा." गेलो. मिस्त्रीनं एक ब्रेक शू हातात ठेवला. मागच्या चाकाला जो बंद ड्रम असतो, त्याला आतून दाबून चाक थांबवणारी ही कमान. तेलानं माखलेला, लायनर संपलेला, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. "ब्रेक ऑइलचा सिलिंडर लीक आहे, शू गेलेत, दोन्ही केबल गंजल्यात. यावर पासिंग कसं होणार?" मागची चाकं जागेवरच होती. पण तो काळा शू हातात धरल्यावर तिकडं कोण बघतंय!

साडेसहा हजार झाले. ऑइलच्या जाहिरातीच्या पॅडवर 'हॅन्डब्रेक काम' एवढंच लिहून दिलं, पैसे त्याच्या पोराच्या नंबरवर पाठवले. जुने पार्ट मागितले तर म्हणे भंगारवाला आत्ताच घेऊन गेला.

ब्रेक मात्र तीन 'कट'मध्ये गच्च. मी खूश. उटी लावायची सोडली, गाडी गिअरमध्ये टाकायचीही सोडली. मधे दोनदा करपट वास आला, डावं मागचं चाक हात लावू देईना इतकं तापलं होतं. नवे शू बसायला वेळ लागतो, अशी मीच माझी समजूत काढली. अठराव्या दिवशी रात्री धप्पकन आवाज आला. गाडी समोरच्यांच्या कंपाउंडला. लाइट फुटला, बंपर आत. पोरं दिवसभर तिथं क्रिकेट खेळतात, तो विचार अजून जात नाही.

गल्लीतले आबा एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. त्यांनी चाक काढलं आणि ड्रमकडं बघून म्हणाले, "ह्याला कुणी हातसुद्धा लावला नाही." ड्रम ओढून काढायला त्यावर दोन आट्यांची भोकं असतात, त्यात बोल्ट पिळले की ड्रम बाहेर येतो. त्या भोकांत माती दगडासारखी बसलेली. मधल्या गोलाचा गंज कुठंही तुटलेला नाही. आतले शू झिजून गेलेले, पण कोरडे ठणठणीत. सिलिंडर लीकच नव्हता, म्हणजे तो तेलकट शू माझ्या गाडीचा नव्हताच.

मग काम काय केलं होतं? लिव्हरच्या मुळाशी एक नट असतो, तो पिळला होता. नटाखाली झाकलेले आटे उघडे पडून चकचकत होते. बाकीचे काळे. पाच मिनिटांचं काम. शू झिजल्यावर आधी ड्रममधला, शू ड्रमच्या जवळ आणणारा अॅडजस्टर ठीक करायचा असतो, उरलेली ढील केबलवर काढायची. नुसती केबल ताणली की शू ड्रमला घासत राहतात, चाक तापतं. त्यात माझी केबल जुनीच, तारा उसवलेल्या. ताणाखाली एकेक तुटत गेली.

नवे शू, दोन्ही केबल आणि आबांच्या ओळखीच्या मिस्त्रीची मजुरी मिळून ३,२०० झाले. या वेळी खोक्यावरची किंमत बघून पार्ट घेतले, ड्रम उघडताना शेजारी उभा राहिलो. काम झाल्यावर गाडी जॅकवर असतानाच ब्रेक सोडून चाक हातानं फिरवलं. मोकळं फिरलं. हे पहिल्याच वेळी केलं असतं तर तिथंच समजलं असतं. त्याला एक पैसा लागत नाही.

त्या गॅरेजात जाऊन भांडलो. "केबल ताणतेच साहेब, १५ वर्षांची गाडी. आणि बिलात केबल बदलली असं लिहिलंय का?" खरंच लिहिलेलं नव्हतं. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, फोन केला, तर पहिला प्रश्न बिलाचाच. तक्रार नोंदवली आहे, क्रमांक मिळालाय, पुढं काही नाही.

भांडून गॅरेजातून निघताना मिस्त्रीच्या बाकड्याखाली डबा दिसला होता. त्यात वरच तो शू होता, तेलकट, एका कोपऱ्याचा टवका उडालेला.