वरच्या ओठावरच्या वणासाठी सिलिकॉन जेल: काही महिन्यांच्या वापरानंतर

वरच्या ओठाचे टाके काढल्यावर काही आठवड्यांतच तिथला वण लाल, टणक आणि किंचित उंच होऊ लागला. तो मूळ जखमेच्या रेषेबाहेर पसरलेला नसल्यामुळे कीलॉइड नसून हायपरट्रॉफिक वण आहे, असे निदान करून त्वचारोगतज्ज्ञांनी सिलिकॉन जेल लिहून दिले. सिलिकॉनची पट्टीही मिळते, परंतु बोलताना-जेवताना सतत हलणाऱ्या या जागेवर ती टिकत नाही.

जेल दिवसातून दोनदा, अगदी पातळ लावायचे असते. तांदळाच्या दाण्याहूनही कमी पुरते. जास्त घेतले की ते वाळतच नाही, आणि घाईने वर सनस्क्रीन चोळले की पांढुरक्या वळ्या सुटून दोन्ही निघून येतात. त्यामुळे चार-पाच मिनिटे तोंड न हलवता थांबणे भाग पडते, जे सकाळच्या धांदलीत वाटते तितके सोपे नाही. ओठाच्या लाल भागावर मात्र ते लावू नये, कारण श्लेष्मल त्वचेसाठी ते नाही आणि पहिल्याच चहाबरोबर पोटात जाते.

गुण संथपणे आला. आधी खाज थांबली, नंतर लाली उतरली आणि उंचवटा बऱ्यापैकी बसला. सनस्क्रीनचा वाटाही यात असावा, कारण उन्हाने असे वण काळवंडतात. खोलवरची गाठ मात्र जेलला आणि रोजच्या मालिशलाही दाद देईना, तेव्हा ट्रायम्सिनोलोन या स्टिरॉइडची इंजेक्शने सुचवली गेली. ती साधारणपणे चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने थेट वणात देतात. ओठावर ती चांगलीच झोंबतात, पण गाठ मऊ झाली ती त्यांनीच. मात्रा जास्त झाल्यास त्वचा खोलगट किंवा फिकी पडू शकते आणि सावळ्या रंगावर तो डाग अधिक उठून दिसतो, म्हणून डॉक्टरांनी ती बेताने दिली, हे मला पटले. लेझरचा पर्यायही होता. पल्स्ड डाय लेझर लालीवर आणि फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर खडबडीतपणावर वापरतात. आपल्या त्वचेत लेझरनंतर काळे डाग पडण्याची शक्यता अधिक असल्याने, जेल आणि इंजेक्शनांवर भागत असताना मी तिकडे वळले नाही.

हे सारे लागू पडते ते कारण ठाऊक असलेल्या वणाला. खालच्या ओठाच्या आत आलेली मऊ, निळसर फुगी बहुधा म्युकोसील, म्हणजे लाळ साचून झालेली गाठ, असते आणि तिच्यावर जेलचा काही उपयोग नाही. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा न जाणारा पांढरा चट्टा असेल, विशेषतः तंबाखूची सवय असेल, तर औषधाच्या दुकानात न जाता आधी तज्ज्ञाला दाखवावे. बायॉप्सी सांगितली तर टाळू नये.

एका गोष्टीवर मात्र कोणतेही मलम चालत नाही. लाल ओठ आणि त्वचा यांच्या सीमारेषेत टाके घालताना एखाद्या मिलिमीटरचा फरक राहिला, तरी तो समोरच्याच्या नजरेत भरतो. लिपस्टिक लावताना तर माझी रेषा तिथे हमखास पायरीसारखी तुटते. त्यावर वण कापून कडा पुन्हा जुळवण्याची शस्त्रक्रिया हाच उपाय आहे. वण पक्व व्हायला वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो, तोवर घाई नको, असे प्लास्टिक सर्जनांनी सांगितल्यामुळे तो निर्णय मी पुढे ढकलला आहे. सध्या रात्रीचे जेल आणि दिवसाचे सनस्क्रीन एवढेच चालू आहे.