फिरत्या सीटचा खटका: आईच्या बॅटरी स्कूटरचा दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर आईसाठी चारचाकी बॅटरी स्कूटर घेतली, तेव्हा दुकानात आम्ही बॅटरी किती चालते, चढावर गाडी दमते का आणि सुटे भाग मिळतात का, हे सगळे बारकाईने विचारले. सीट बाजूला फिरते हेही दाखवले गेले. विक्रेत्याने ती एका हाताने गरकन फिरवली आणि आम्ही माना डोलावल्या. ती फिरल्यावर थांबते कशी, हे मात्र कोणी विचारले नाही. परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षे फिटर म्हणून काढलेल्या माझ्यासारख्या माणसाने तरी ते विचारायला हवे होते. सीटखालचा तो खटका हाच या गाडीतला आईच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, हे मला जुलै महिन्यात कळले, आणि म्हणून हा अनुभव मुख्यतः त्या खटक्याविषयीच लिहितो आहे.

आई 84 वर्षांची आहे. दोन्ही गुडघ्यांत संधिवात, उजवे मनगट काही वर्षांपूर्वी मोडून जुळलेले, कानाला यंत्र. आम्ही दादर पश्चिमेला राहतो. सकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यापर्यंत आणि संध्याकाळी भाजीपर्यंत ती स्वतः गाडी चालवत जाते आणि सोबत आमच्यापैकी कोणीतरी चालत असते. दिवसातून साधारण आठ ते दहा वेळा ती सीटवरून उठते किंवा सीटवर बसते. पदपथाच्या तोंडाशी लावलेल्या खांबांमधून गाडी जात नसेल, तर ही संख्या आणखी वाढते, कारण तिला उतरवून गाडी तिरकी करून काढावी लागते. (या खांबांचा व्हीलचेअरवाल्यांना होणारा अडथळा 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही स्वतःहून विचारात घेतला होता, आमच्या वाटेवर अजून काही शिल्लक आहेत.) म्हणजे महिन्याला अडीचशे-तीनशे वेळा हा खटका सुटतो आणि बसतो.

आता त्याची रचना सांगतो, कारण ती समजल्याशिवाय पुढचे कळणार नाही. सीट एका उभ्या खांबावर बसते. खांबाच्या डोक्यावर एक जाड लोखंडी तबकडी चार बोल्टनी घट्ट बसवलेली असते आणि तिच्या कडेला आठ खाचा असतात, म्हणजे दर 45 अंशांवर एक. सीटच्या तळाला स्प्रिंग लावलेली एक पिन असते. बसणाऱ्याने उजव्या बाजूचा लिव्हर वर ओढला की पिन खाचेतून बाहेर येते आणि सीट मोकळी होते. लिव्हर सोडला की स्प्रिंग पिनेला पुढच्या खाचेत ढकलते. सीटची उंची कमी-जास्त करणारी पिन याहून वेगळी असते, ती खांबाच्या आरपार जाते. दुकानात या दोन्हींना सरसकट ‘सीट लॉक’ म्हणतात, त्यामुळे तक्रार करताना कोणत्या पिनेबद्दल बोलतो आहोत ते स्पष्ट सांगावे लागते.

आठ खाचांपैकी आईच्या कामाच्या फक्त दोन: समोरची आणि डावीकडची 90 अंशांची. 45 अंशांवर सीट थांबली तर पाय ठेवायच्या फळीची कड मध्ये येते, एक पाय जमिनीवर आणि एक फळीवर अशी अवस्था होते आणि उठताना गुडघ्याला पीळ बसतो. तिच्यापुरते बोलायचे तर मधली खाच नसतीच तर बरे झाले असते. लिव्हर ओढून सीट जराशी सरकली की आई लिव्हर सोडते, कारण उजव्या हाताने तो फार वेळ धरवत नाही. मग पिन तबकडीच्या कडेवरून घासत 45 च्या खाचेत पडते, आणि तिला पुन्हा ओढावे लागते. सीट पुरेशी फिरली नाही, तर पिन दोन खाचांच्या मधल्या सपाट भागावरच टेकून राहते.

खरा धोका या शेवटच्या अवस्थेत आहे. पिन खाचेत नसते, पण स्प्रिंगच्या दाबाने आणि बसलेल्या माणसाच्या वजनाने इतके घर्षण होते की सीट हलत नाही. बसलेल्या माणसाला ती पक्की वाटते. उठताना मात्र आपण एका हातावर भार देतो, तो भार मधोमध पडत नाही, वजनही सीटवरून निघत जाते, घर्षण कमी होते आणि नेमकी त्याच क्षणी सीट गिरकी घेते.

जुलैमध्ये असेच झाले. पाऊस नुकताच थांबला होता. इमारतीच्या दाराशी आईने सीट फिरवली.

“आई, खटका बसला का गं नीट?” मी छत्री मिटत विचारले.

“बसला की रे. हलत नाहीये.”

ती डाव्या हातावर भार देऊन उठू लागली, सीट मागे सरकली आणि ती अर्धवट उठलेली बाजूला कलंडली. आमच्या वॉचमनने तिला काखेत धरले म्हणून केवळ कोपर खरचटण्यावर निभावले. तिचे म्हणणे खोटे नव्हते, कारण सीट खरोखरच हलत नव्हती. पण न हलणे आणि खटका बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हा फरक आम्हाला कोणीही सांगितला नव्हता. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत ‘सीट लॉक झाल्याची खात्री करा’ एवढेच वाक्य आहे. खात्री कशी करायची, ते नाही.

विक्रेत्याकडे तक्रार केली. चौथ्या दिवशी एक मुलगा आला, त्याने सीटखाली तेलाचा फवारा मारला, लिव्हर चार वेळा खालीवर केला आणि “आता मख्खन चालेल” म्हणून निघून गेला. आठवडाभर खरोखरच चालले. असे फवारे ओल हटवायला आणि गंजलेले सोडवायला उत्तम असतात, पण ते पातळ असल्यामुळे टिकत नाहीत आणि आत असलेले ग्रीसही धुऊन नेतात. नवव्या दिवशी पिन पुन्हा अडकू लागली. दुसऱ्यांदा फोन केल्यावर संपूर्ण सीटचा खालचा सांगाडा बदलावा लागेल आणि तो वॉरंटीत बसत नाही, असे उत्तर मिळाले. मग मी रविवारी सकाळी तेरा नंबरचा पाना घेऊन बसलो.

सीट उतरवल्यावर कारण उघड दिसले. मूळच्या ग्रीसमध्ये धूळ मिसळून त्याचा काळा चिकट लगदा झाला होता. पिनेची स्प्रिंग गंजून तिचा जोर गेला होता. समुद्र दहा मिनिटांच्या अंतरावर आणि पावसाळ्याचे चार महिने हवेत पाणीच पाणी, तिथे मुलामा न दिलेली पोलादी तार दुसरे काय करणार? पिनेचे तोंडही गोल होऊ लागले होते. ती खाचेत पूर्ण उतरतच नव्हती, केवळ कडेला अडकून होती. म्हणजे आईने सीट बरोबर 90 अंशांवर आणली तरी खटका अर्धाच बसत होता.

इथे थोडा हिशेब मांडतो. आमच्या गाडीत खाच खांबाच्या मध्यापासून 5 सेंटिमीटरवर आहे आणि हातटेकणीचे पुढचे टोक 30 सेंटिमीटरवर. म्हणून टोकाशी आडवा 15 किलोचा रेटा बसला, तर पिनेवर त्याच्या सहापट, म्हणजे 90 किलोचा ताण येतो. उलट बाजूने, खाचेत अर्ध्या मिलिमीटरची झीज झाली की हातटेकणीच्या टोकाशी 3 मिलिमीटरची डगडग जाणवते. गाडी नवी असताना मी टोकाशी 3 मिलिमीटर मोजले होते (जुनी खोड, काहीही नवीन आणले की मोजतो), आणि जुलैत तिथे 9 मिलिमीटर भरले. आठ महिन्यांत खाच आणि पिन मिळून एक मिलिमीटर झिजले होते. घरी साधी पट्टी असेल, तर ही मोजणी कोणालाही करता येईल, फक्त सीट रिकामी असताना आणि किल्ली काढून ठेवून करावी.

नव्या स्प्रिंगसाठी नागदेवी स्ट्रीटला गेलो. तिथे स्प्रिंग मागताना तारेची जाडी, बाहेरचा व्यास आणि मोकळी लांबी सांगावी लागते. मी जुनीच रुमालात गुंडाळून नेली होती. त्याच मापाची पण स्टेनलेस तारेची आणि किंचित जाड अशी स्प्रिंग मिळाली. पिन ओळखीच्या लेथवाल्याकडून नवी करून घेतली. आत केरोसीनने स्वच्छ करून लिथियम ग्रीस लावले, तेही बेताचे, कारण जास्त ग्रीस म्हणजे धुळीला आमंत्रण.

खटका आता खणखणीत बसू लागला, पण दुसरी अडचण उभी राहिली. सामान तोलायचा आकड्याचा काटा लिव्हरला लावून पाहिले, तर पूर्वी साडेतीन किलोच्या ओढीने सुटणारा खटका आता साडेचार किलो मागत होता. आईच्या मनगटाला तो झेपेना. या यंत्रणेतला मूळ पेच हाच आहे: स्प्रिंग मऊ ठेवली तर म्हाताऱ्या हाताला सोपे जाते पण पिन खात्रीने बसत नाही, आणि कडक केली तर पिन बसते पण हात हरतो. बनवणाऱ्यांनी दुकानातल्या पहिल्या दिवसाचा विचार करून मऊ बाजू निवडली असावी, असे माझे मत झाले आहे.

यावर उपाय लिव्हरच्या लांबीत होता. मूळ लिव्हर 10 सेंटिमीटरचा. त्यावर पोकळ नळी चढवून तो 18 सेंटिमीटर केला, तेव्हा ओढ अडीच किलोवर आली. लिव्हर जरा जास्त अंतर ओढावा लागतो, पण आईची त्याबद्दल तक्रार नाही. लांब लिव्हर लिफ्टच्या दाराला आणि साडीच्या पदराला अडकू नये म्हणून तो मागे वाकवला आणि टोकाला रबरी मूठ बसवली. पदराची भीती मला हँडलजवळच्या वेगाच्या कळीबद्दलही वाटते. सीट फिरवताना पदर किंवा कोपर त्या कळीवर पडले आणि किल्ली चालू असली, तर आई बाजूला तोंड करून बसलेली असतानाच गाडी पुढे सरकेल. सीट फिरलेली असताना मोटर आपोआप बंद राहील अशी सोय आमच्या गाडीत नाही. म्हणून आधी किल्ली बंद, मग लिव्हर, हा क्रम आम्ही तिच्या अंगवळणी पाडला.

खटका बसल्याची खूण कोणती, यावर आम्ही बरेच प्रयोग केले. ‘खट्’ असा आवाज येतो खरा, पण रस्त्याच्या गोंगाटात कानाच्या यंत्रातून तो तिच्यापर्यंत पोचत नाही. तबकडीवर आणि सीटखाली लाल रंगाच्या रेघा मारल्या, त्या वाकून पाहणे तिला जमत नाही. त्या आता आमच्याच उपयोगाच्या आहेत. उपयोगी पडली ती लिव्हरची उंची. पिन पूर्ण उतरली की लिव्हर सीटच्या तळाला चिकटतो, आणि अर्धवट असली की मध्ये बोटभर फट राहते. आई आता बोट घालून पाहते. त्यानंतर बसल्या बसल्या दोन्ही हातटेकण्या धरून कंबर एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे हिसकते, आणि मगच उठते. शेजारच्या आजी तिला हसतात. “कुलूप लावलं की ओढून बघतेसच ना तू,” असे आईने त्यांना सांगितलेले मी ऐकले आहे.

उतरण्याच्या बाजूबद्दलही दोन शब्द. सीट बाजूला फिरवून उठताना सगळे वजन गाडीच्या त्या कडेवर येते. दादरमधले पदपथ गटाराच्या बाजूला उतरते असतात, आणि उताराच्या बाजूला उतरले की गाडीही कलते, उठणाराही कलतो. त्यामुळे आई नेहमी चढाच्या अंगाला उतरेल अशा बेताने आम्ही गाडी उभी करतो. त्यासाठी कधी गाडी उलट्या तोंडाने लावावी लागते.

कोणी अशी गाडी घेणार असेल, तर दुकानात ज्यांच्यासाठी घ्यायची त्यांनाच सीटवर बसवून खटका त्यांच्याच हाताने सोडायला लावावा, आणि लिव्हर त्यांच्या जोराच्या हाताकडे आहे का ते पाहावे. आमच्या गाडीत तो फक्त उजवीकडे आहे आणि आईचा जोर डाव्या हातात. ही चूक आता दुरुस्त होण्यासारखी नाही. सीट मुद्दाम दोन खाचांच्या मध्ये थांबवून हलवून पाहावी, म्हणजे मी वर सांगितलेली फसवी पकड हाताला कळेल. पिन सरळ आहे की निमुळती, तेही विचारावे. निमुळती पिन झीज झाली तरी खोल उतरून डगडग भरून काढते, पण स्प्रिंग कमजोर झाली तर आडव्या रेट्याने तीच बाहेर ढकलली जाते. गाडीची चाचणी व्हीलचेअर आणि अशा स्कूटरसाठीच्या आयएसओ 7176 या आंतरराष्ट्रीय मानकमालेनुसार झाली आहे का, याचा कागद मागावा. तिच्या पहिल्या भागात स्थिर उभ्या गाडीच्या समतोलाची आणि आठव्या भागात मजबुतीची व थकव्याची (पुन्हा पुन्हा भार पडून भाग किती टिकतो याची) परीक्षा येते. आम्ही मागितला तेव्हा विक्रेत्याने बॅटरीचे वॉरंटी कार्ड पुढे केले होते.

एरवी गाडीबद्दल तक्रार नाही. बॅटरी ठीक आहे, ब्रेक हात काढताच लागतो आणि टायर शाबूत आहेत.

स्प्रिंग आणि पिन बदलूनही हातटेकणीच्या टोकाशी 6 मिलिमीटर डगडग उरली होती, कारण तबकडीवरच्या त्या दोन खाचाच झिजल्या होत्या. नवी तबकडी सुटी मिळत नाही. गणपतीच्या आधी पुन्हा सीट उतरवली, तेव्हा लक्षात आले की चार बोल्ट चौकोनात असल्यामुळे तबकडी अर्धी फिरवूनही बसते, आणि तसे केले की आजवर एकदाही न वापरलेल्या खाचा समोर आणि डावीकडे येतात. तशी बसवली. काल मोजले, तर डगडग पुन्हा 3 मिलिमीटर भरली. पुढची मोजणी दिवाळीत करणार आहे.