चासीच्या मध्यभागी बसवलेली विंच : बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या ट्रकवर विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून रुतलेले वाहन ओढून काढणारे यंत्र, बसवलेली आहे. नुकताच तिच्या पुढच्या दिशेने जाणाऱ्या दोराला वळण देणारा मधला रोलर पूर्णपणे जाम झाला, पोलादी दोराने त्याच्यावर करवतीसारखी खाच पाडली आणि ज्या वर्कशॉपने ही सगळी जोडणी केली त्यांनी तो भाग 'झिजणारा' असल्याचे सांगून हात वर केले, म्हणून हे लिहायला घेतले आहे. विंच कोणती घ्यावी यावर भरपूर लिहिले जाते. ती ट्रकवर नेमकी कुठे बसवावी यावर मात्र बहुतेक जण 'पुढे बंपरपाशी' एवढेच सांगून मोकळे होतात. ट्रक दोन एक्सलचा, चारही चाकांना ओढ असलेला, भरल्यावर सोळा टनांचा आहे. विंच दहा टनांची हायड्रॉलिक असून गिअरबॉक्सच्या पीटीओवरील, म्हणजे इंजिनची ताकद इतर यंत्रांना देणाऱ्या जोडणीवरील, पंपावर चालते. ती केबिनच्या मागे, चासीच्या दोन्ही पट्ट्यांच्या मध्ये बसवली आहे आणि दोर मागे व पुढे अशा दोन्ही दिशांना काढता येतो.

पुढची जागा मी सुरुवातीलाच बाद केली, त्याचे कारण वजन हे होते. विंच, दोर आणि बैठक मिळून सुमारे साडेचारशे किलो भरतात. हे वजन पुढच्या एक्सलच्या १.३ मीटर पुढे टांगले आणि दोन एक्सलमधील अंतर ४.२ मीटर असले, तर पुढच्या एक्सलवरचा भार साडेचारशे किलोंनी नव्हे, तर जवळजवळ ५९० किलोंनी वाढतो आणि मागचा एक्सल १४० किलोंनी हलका होतो. तेच वजन पुढच्या एक्सलच्या दोन मीटर मागे ठेवले, तर दोन्ही एक्सल ते जवळपास निम्मेनिम्मे वाटून घेतात. ज्या ट्रकचा पुढचा एक्सल आधीच मर्यादेच्या जवळ आहे, त्याच्यासाठी हा एकच हिशेब पुरेसा आहे. शिवाय चढावर नाक टेकणे, रेडिएटरपुढची हवा अडणे आणि केबिन पुढे कलवताना विंचच्या चौकटीला धडकणे या अडचणी आहेतच. शेवटची अडचण तर इंजिनची पहिली दुरुस्ती निघेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही.

वजनाहूनही महत्त्वाचा प्रश्न असा की, ओढ कोणत्या दिशेला लागणार आहे? ट्रक बहुधा पुढे जाताना रुततो, त्यामुळे घट्ट जमीन त्याच्या मागे असते. पुढच्या विंचने त्याला बाहेर काढायचे म्हणजे आणखी चिखलात ओढून पलीकडे नेण्यासारखे आहे. अमेरिकी सैन्याच्या वाहने बाहेर काढण्याच्या मार्गदर्शिकेत याचे ठोकताळे दिलेले आहेत. चाकांपर्यंत रुतलेल्या वाहनाला त्याच्या वजनाएवढी ओढ लागते, मडगार्डपर्यंत रुतले असेल तर दुप्पट लागते. आल्या वाटेने उलट ओढल्यास ही गरज सुमारे १० टक्क्यांनी, चाकांना इंजिनची ताकद दिल्यास ४० टक्क्यांनी आणि दोन्ही केल्यास निम्म्याने घटते. माझ्या सोळा टनांच्या ट्रकला या हिशेबाने मागच्या दिशेने, चाके फिरवत, आठ टन ओढ पुरते. झिल-१३१ या सोव्हिएत ट्रकची विंच पुढे होती, तर उरल-४३२० चा दोर मागे निघत असे. म्हणजे एकाच सैन्यासाठी ट्रक बनवणाऱ्यांचेही या प्रश्नावर एकमत नव्हते.

आता आठ टन लागतात आणि विंच दहा टनांची आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही, कारण दहा टन हा आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो, दोराचे थर चढत जातात तशी ओढ घटते. माझ्या ड्रमचा व्यास २४० मिलिमीटर आणि दोर १८ मिलिमीटरचा आहे. चौथ्या थरावर तीच विंच जेमतेम सात टन ओढते. मधल्या जागेचा येथे एक अनपेक्षित फायदा होतो. ड्रमपासून ट्रकच्या मागच्या टोकापर्यंत काही मीटर दोर चासीतच उलगडलेला राहतो आणि पुढची वाट धरल्यास त्याहूनही अधिक, त्यामुळे वरचा थर तेवढा लवकर सुटतो. अर्थात ज्या आधाराला दोर बांधायचा तेथपर्यंत पोहोचायला तेवढाच दोर कमीही पडतो. जवळच्या झाडाला दोर बांधून चौथ्या थरावर इंजिन रेटत बसण्यापेक्षा कप्पी लावून दोर दुहेरी करावा, म्हणजे वेग निम्मा होतो, पण ओढ जवळपास दुप्पट मिळते.

दोर ड्रमवर कसा गुंडाळला जातो, यासाठीही मधली जागा सरस ठरली. साध्या ड्रमसाठी दोराने मध्यरेषेशी करायचा कोन दीड अंशाच्या आत असावा असे मानतात. माझ्या ४०० मिलिमीटर रुंद ड्रमसाठी त्याचा अर्थ असा की, पहिला रोलर साडेसात मीटरांहून दूर हवा. हे कोणत्याच ट्रकवर जमणार नाही. पण मागचा रोलर अडीच मीटरवर असल्याने कोन साडेचार अंशांच्या आसपास राहतो, तर बंपरवरच्या विंचमध्ये रोलर जेमतेम ३० सेंटिमीटरवर असल्याने तो ३३ अंशांच्या पुढे जातो. पुढच्या विंचवर तिरका ओढलेला दोर एका बाजूला वारुळासारखा चढत जातो आणि चौकटीच्या दांडीवर घासू लागतो. माझ्याकडे आजवर असे झालेले नाही.

आता ज्यामुळे हे लिहितो आहे त्या रोलरकडे वळतो. दोर ड्रमवरून मागे निघतो. त्याला पुढे न्यायचे तर मागच्या आडव्या पट्टीवरील मोठ्या कप्पीला पूर्ण वळसा घालून तो ड्रमखालून, गिअरबॉक्सच्या खालून आणि एका मधल्या रोलरवरून बंपरपर्यंत आणावा लागतो. वळसा घालणाऱ्या कप्पीच्या पिनेवर ओढीच्या दुप्पट, म्हणजे पूर्ण ओढीला वीस टनांचा भार येतो. हे वर्कशॉपला ठाऊक होते आणि त्यांनी ती पट्टी दोन्ही बाजूंना जाड प्लेटने बांधून काढली. चासीच्या वरच्या-खालच्या पाळीला एकही छिद्र न पाडता सगळे बोल्ट उभ्या भागातून घेतले, कोठेही वेल्डिंग केले नाही. या कामाला मी पूर्ण गुण देतो. मधल्या रोलरवर मात्र दोर दहाएक अंश वळतो, एवढेच. तेथे भार पावणेदोन टनांच्या पुढे जात नाही आणि बहुधा म्हणूनच त्याच्याकडे कोणी पाहिले नाही.

त्या रोलरच्या पिनेला ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायचे छोटे तोंड, आहे. ते निपल आतल्या बाजूला, गिअरबॉक्सच्या आडव्या पट्टीकडे तोंड करून बसवले आहे आणि दोहोंमध्ये दोन बोटांचे अंतर आहे. ग्रीस गनचे तोंड तेथे सरळ बसत नाही. तिरके धरले की ग्रीस पिनेत न जाता बाहेर ओघळते आणि ट्रकखाली पाठीवर झोपलेल्या माणसाच्या मनगटावरून कोपरापर्यंत येते. पिन अर्धा फेरा फिरवून बसवली असती, तर निपल उघड्या बाजूला आले असते आणि त्यासाठी एका पैशाचाही जादा खर्च आला नसता. ट्रकवरच्या सगळ्या त्रुटींमध्ये ही सर्वांत किरकोळ आहे हे मला मान्य आहे, पण विंचविषयी कोणी विचारले की माझ्या तोंडून पहिले वाक्य त्या निपलबद्दलच निघते.

ग्रीस न मिळाल्याने चिखलाचे पाणी बुशात, म्हणजे रोलर आणि पिनेमधल्या नळकांड्यात, शिरले, बुश पिनेला चिकटला आणि न फिरणाऱ्या रोलरवरून दोर घासत राहिला. खाचेच्या तळाला हात लावला तेव्हा धातू आरशासारखा गुळगुळीत लागला, कडेला मात्र धारदार ओठ उभा राहिला होता आणि दोराच्या बाहेरच्या तारा त्या ओठावर तुटून काट्यांसारख्या उभ्या राहिल्या होत्या. वर्कशॉपचे म्हणणे असे की, रोलर झिजणारा भाग आहे आणि ग्रीस घालणे मालकाचे काम आहे. माझे म्हणणे असे की, जेथे ग्रीस गन पोहोचत नाही तेथे ग्रीस घालण्याची जबाबदारी मालकावर टाकता येत नाही. त्यांनी तोडगा म्हणून सगळ्या रोलरांना एकाच ठिकाणाहून ग्रीस पोहोचवणारी यंत्रणा सुचवली. तिची किंमत ऐकून मी विषय बदलला. मी एक काटकोनी निपल, हातभर लांबीची, जाड नायलॉनची नळी आणि चासीच्या बाहेरच्या बाजूला एक पत्र्याची पकड एवढ्यावर काम भागवले. नवा रोलर आणि बुश माझ्याच पैशांनी आला, तो वाद अजून संपलेला नाही.

येथवर लिहून झाले तेव्हा पुढची वाट कायमची काढून टाकावी आणि दोर फक्त मागे ठेवावा, असे माझे ठाम मत होते. एक कप्पी कमी, एक रोलर कमी आणि प्रत्येक वळणावर घर्षणात जाणारी काही टक्के ओढही शिल्लक, असा तो सरळ हिशेब होता. त्यानंतर नळी जोडलेला रोलर प्रत्यक्ष कामात पाहिला आणि मत बरेच बदलले. स्वतः रुतल्यावर पुढची ओढ फारशी लागत नाही हे खरेच, पण दुसऱ्याचा ट्रक बाहेर काढताना तो समोर दिसत असतो, आपली चाके घट्ट जमिनीवर असतात आणि दोर कोठे ताणला जातो आहे हे केबिनमधून नीट कळते. तेच काम मागच्या दोराने करायचे तर ट्रक उलटा लावावा लागतो आणि आरशावर विसंबावे लागते. अरुंद वाटेवर तर ट्रक उलटा लावायला जागाच नसते. म्हणून पुढची वाट ठेवावी, पण तिच्यावरच्या प्रत्येक रोलरला ग्रीस गन कोठून लावणार हे जोडणीपूर्वी खाली वाकून, गन हातात घेऊन, स्वतः पाहावे. कागदावरच्या आराखड्यात निपल एका ठिपक्याएवढे असते.

मधल्या जागेचा खरा दोष वेगळाच आहे आणि त्यावर मला अजून समाधानकारक उपाय सापडलेला नाही. ड्रम दिसत नाही. बंपरवरची विंच चालवणाऱ्याला वेढे कसे बसत आहेत ते सहज पाहता येते, येथे ते बॉडी आणि चासीच्या मध्ये अंधारात घडते. पोलादी दोराचे निदान पाच वेढे ड्रमवर राहायलाच हवेत, कारण दोराच्या टोकाची पकड पूर्ण ओढ पेलण्यासाठी नसते. ते मोजायला मधल्या जागेत वाव नाही. मी दोराच्या शेवटच्या भागाला लाल रंग दिला आहे. रंग बाहेर दिसला की थांबायचे. दोर गुंडाळताना मात्र दुसरा माणूस बाजूला, ताणाच्या रेषेपासून दूर, टॉर्च घेऊन उभा करावा लागतो आणि थोडाही वेडावाकडा थर बसला तर सगळे पुन्हा सोडून ताणाखाली गुंडाळावे लागते.

अनेक जण विचारतात म्हणून सांगतो, मधल्या जागेसाठी कृत्रिम धाग्याचा दोर घ्यावा असे मला वाटत नाही. तो हलका आहे, हाताला बोचत नाही, हे सगळे खरे आहे. माझा साठ मीटर पोलादी दोर पाऊणशे किलोंच्या पुढे जातो, त्यामुळे तो मोह मलाही झाला होता. पण या दोरांचा धागा १४५ ते १५० अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळतो आणि त्याची ताकद त्याच्या बरीच आधी उतरू लागते. माझ्या ट्रकवर ड्रमपासून हातभर अंतरावर सायलेन्सर आहे. सायलेन्सर बाहेरच्या बाजूला किंवा केबिनमागे उभा असलेल्या ट्रकवर हा आक्षेप लागू होणार नाही, तेथे रोलर गुळगुळीत आहेत का एवढेच पाहावे लागेल.

ज्यांच्या ट्रकवर चासीच्या मध्ये टिपिंगचा जॅक किंवा हवेच्या टाक्या आहेत, त्यांना ही जागा मिळणारच नाही. त्यांनी पुढे बसवण्याआधी पुढच्या एक्सलचे वजन भरलेल्या अवस्थेत काट्यावर करून घ्यावे, वर दिलेल्या पद्धतीने वाढ मोजावी आणि केबिन पूर्ण कलवून पाहावी. कमी वजनाचा ट्रक असेल आणि काम फक्त स्वतःला सोडवण्याचे असेल, तर मागच्या टोकाला, दोन्ही पट्ट्यांना बांधलेली, एकाच दिशेची विंच सर्वांत साधी आणि स्वस्त पडेल. तिला वळसाही नाही आणि मधला रोलरही नाही. मात्र तेथे पंपापासूनचे होज, म्हणजे तेलाचे पाइप, लांब जातात, तेव्हा ते एक माप मोठे घ्यावेत, आणि बैठकीचे बोल्ट पहिल्या जोरदार ओढीनंतर लगेच टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत. माझ्या बैठकीचे दोन बोल्ट तेव्हा सैल निघाले होते.