पट्टेरी केळीचा मुनवा घेताय? आधी सोपट बघा

गुहागरकडच्या तीन वाड्यांत या पावसाळ्यात हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या केळीचे मुनवे (बुंध्याशी फुटणारी पिल्लं) आले. हवाईतली 'आए आए' जात म्हणून, एकेक साडेतीन हजाराला, फोटो बघून, पैसे आगाऊ. आले तेव्हा वरची दोन पानं पांढरी होती. पुढे उलगडलेलं प्रत्येक पान हिरवंगार. विक्रेता म्हणाला, "ऊन कमी पडलं असेल." साफ खोटं. सावलीमुळे खरे पट्टे असे एकाएकी पुसले जात नाहीत.

खरा पट्टा कंदातल्या वाढबिंदूत असतो. तिथल्या काही पेशींना हरितद्रव्य बनवता येत नाही, आणि त्यांच्यापासून जे जे निघतं ते पांढरंच: पानाची पट्टी, देठ, सोपट (खोडाचा गुंडाळलेला थर), पुढे केळ्याची सालसुद्धा. पानावर हे पट्टे मधल्या शिरेपासून कडेपर्यंत शिरांच्या दिशेने जातात, कमीजास्त रुंदीचे, कडा स्वच्छ. या मुनव्यांची सोपटं मात्र एकजात हिरवी होती. काही तणनाशकांचा हलका फवारा बसला तरी पोग्यातली (न उलगडलेल्या गुंडाळीतली) पानं पांढरी निघतात. जोर ओसरला की केळ पुन्हा हिरवी.

खऱ्या पट्टेरी केळीलाही पूर्ण हिरवे मुनवे फुटतात, ते बहुधा हिरवेच राहतात. पूर्ण पांढरा मुनवा आईपासून तोडला की उपाशी मरतो. दोन्ही रंग सोपटावर मिसळलेला तेवढाच घ्यावा. ऊतीसंवर्धनात पेशींची ही सरमिसळ बरेचदा मोडते, म्हणून "हव्या तेवढ्या पट्टेरी रोपांची" हमी देणाऱ्यापासून लांब राहा. पट्टेरी केळीचं बी विकणारा तर सरळ लुबाडतोय. या केळ्यात बी धरतच नाही.

पैशापेक्षा मोठा धोका रोगाचा. तुटक पिवळ्या रेघा आणि वेडीवाकडी पानं म्हणजे हरण्या. देठावर गडद हिरव्या ठिपके-रेघा आणि शेंड्याला अरुंद, ताठ पानांचा झुबका म्हणजे पर्णगुच्छ. दोन्ही मावा पसरवतो, आणि दोन्ही 'दुर्मिळ पट्टे' म्हणून खपवले जाऊ शकतात.

पैसे देण्याआधी आईच्या बेटाचा आणि मुनव्याच्या सोपटाचा व्हिडिओ मागा, पंधरा दिवसांनी नव्या पानाचा पुन्हा मागा. मुनवा आलाच असेल तर दोन-तीन महिने वाडीतल्या केळींपासून दूर कुंडीत ठेवा. त्याला लावलेला कोयता दुसऱ्या केळीला लावू नका. पर्णगुच्छ दिसला तर आधी मावा मारा, मग कंदासकट काढून नष्ट करा.