‘लावू नाका’ टाळायचं असेल तर: मराठी टायपिंगच्या तीन वाटा

आमच्या सोसायटीच्या गेटवर दोन महिन्यांपासून एक नोटीस लटकते आहे: ‘सभासदांनी गेटसमोर गाड्या लावू नाका.’ ती लॅमिनेट केलेली असल्यामुळे आता कायमचीच. नवे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले, हिशोबात पैशाची चूक न करणारे गृहस्थ. त्यांनी फोनवर रोमन अक्षरांत एन, ए, के, ए असं दाबलं, फोननं ‘नाका’ आणि ‘नका’ असे दोन शब्द पुढे केले आणि घाईत पहिल्यावर बोट पडलं. टोलनाक्यापुरता तो शब्द बरोबरच होता म्हणा.

मग त्यांचा मला मेसेज आला: ‘वाहिनी, तुम्ही कायम मराठीत टाइप करता, तर नेमकं काय वापरावं ते एकदा सांगा.’ वाहिनी टीव्हीची असते नाहीतर पाण्याची, मी वहिनी. पण प्रश्न रास्त होता. त्यांना जिन्यात उभ्या उभ्या जे सांगितलं तेच इथे जरा सावकाशीनं लिहिते. मी भाषांतराची कामं करते आणि दिवसाचे पाच-सहा तास मराठी टाइप करण्यात जातात, तेव्हा माझा कल कुठे आहे हे लपणार नाहीच.

कुठलीही पद्धत तपासायला मी एक वाक्य ठरवून ठेवलं आहे: ‘कऱ्हाडच्या आचाऱ्यांनी वऱ्हाडी मंडळींची ऑर्डर ॲपवरून घेतली आणि पैसे बँकेत भरले.’ यात मराठीची सगळी दुखरी ठिकाणं आहेत. ‘आचाऱ्यांनी’ आणि ‘आचार्यांनी’ यात फरक एवढ्याशा रफाराचा, पण एक माणूस पंगतीचं बघतो आणि दुसरा शंकराचार्य वगैरे असतो. दर्या आणि दऱ्या, तीच गोष्ट. शिवाय ॲ आहे, ऑ आहे, चंद्रबिंदू आहे. हे वाक्य न अडखळता उतरलं तर बाकी काहीही उतरेल.

रोमनमधून

बहुतेकांची सुरुवात इथूनच होते, कारण शिकायला काही लागत नाही. इंग्रजी अक्षरं दाबायची, खाली देवनागरी शब्द येतात, त्यातला उचलायचा. फोनवर जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कीबोर्डमध्ये, हे आहेच. कॉम्प्युटरवरही विंडोज १०च्या मे २०१९च्या अपडेटपासून ‘मराठी फोनेटिक’ आयतं मिळतं, वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही.

यात दोन जाती आहेत आणि त्यांची गल्लत होते. जुनी जात कडक शिस्तीची: मोठा एल दाबला तर ळ, लहान दाबला तर ल, मोठा एन म्हणजे ण. बरहा आणि गमभन ही मराठी टायपिंगची जुनी सॉफ्टवेअरं वापरून ज्यांनी मराठी संकेतस्थळांवर रात्री जागवल्या, त्यांची बोटं अजून अशीच चालतात. नवी जात अंदाजानं चालते. तुम्ही कसंही लिहा, ती म्हणते, ‘तुम्हाला हेच म्हणायचं असणार.’ एम, ए, एल, ए असं लिहिलं तर मला, माला, माळा, मळा यांपैकी काहीही होऊ शकतं. के, ए, एल लिहिलं तर काल, काळ, कल, कळ. पोटात कळ आली की काळ आला हे पुढचा शब्द ठरवतो, आणि पुढचा शब्द तुम्ही अजून लिहिलेला नसतो.

अंदाजाचा एक फायदा मात्र मान्य करायला हवा. ज्यांचं ऱ्हस्व-दीर्घ कच्चं आहे त्यांचं लेखन या पद्धतीत सुधारलेलं दिसतं. ‘पाणी’तली णी पहिली की दुसरी याचा विचार न करता शब्द नीट येतो. उलट बाजू अशी की तो शब्द आपण लिहिलेला नसतो, निवडलेला असतो. वर्षानुवर्षं असं निवडत राहिलं की हातात पेन आल्यावर गाडी अडते. माझ्या भाचीला शाळेच्या वहीत ‘परिस्थिती’ लिहिताना मी बघितलंय: तीनदा खोडलं, मग फोन काढला.

माझं परीक्षेचं वाक्य या पद्धतीत घातलं तेव्हा ऑर्डर घेतली आचार्यांनी. वऱ्हाडी मंडळी नीट आली, ॲपही आलं. पर्याय उलगडून बघितले तर आचारी खाली कुठेतरी उभे होते, पण उलगडून बघणार कोण? गेटवरच्या नोटिशीचं दुखणं हेच आहे. चूक समोर दिसत नाही, कारण प्रत्येक चुकीचा शब्दही कोशातला अस्सल शब्द असतो.

देवनागरीच्या भानगडीत न पडता सरळ रोमनमध्येच मराठी लिहिणाऱ्यांना नाकं मुरडणारे खूप आहेत. त्यांना एवढंच सांगते की फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं, तेही रोमन लिपीतलं मराठीच होतं. व्हॉट्सॲपच्या चारशे वर्षं आधी. अर्थात फादरनी त्यासाठी लिपीची रीत बांधून घेतली होती, आपल्या भाच्यांनी नाही.

इनस्क्रिप्ट

आता माझ्या पक्षाची बाजू. इनस्क्रिप्ट ही कीबोर्डच्या कळांवर देवनागरी अक्षरं बसवायची सरकारी मांडणी आहे आणि सरकारी म्हटल्यावर लोक लांब पळतात. भारतीय मानक ब्यूरोनं १९९१ साली ती प्रमाण म्हणून नोंदवली. विंडोजमध्ये ‘मराठी’ कीबोर्ड जोडला की मिळते ती हीच.

पहिले चार दिवस अक्षरशः रडू येतं. क ‘के’वर आहे, तेवढ्यानं आशा वाटते. मग कळतं की त ‘एल’वर आहे, म ‘सी’वर आणि स ‘एम’वर. इंग्रजी कीबोर्डची सवय इथे उपयोगाची नाही, उलट नडते. मी लॅमिंग्टन रोडवरून देवनागरी स्टिकर आणून कळांवर चिकटवले होते. मे महिन्यात घामानं ते सुटायला लागले आणि ‘भ’ माझ्या कोपराला चिकटून बँकेत जाऊन आला. स्टिकर लावू नका (नाका नव्हे). मांडणीचा कागद स्क्रीनच्या शेजारी लावा, मान वर ठेवा.

पाचव्या दिवशी लक्षात येतं की ही मांडणी पहिलीतल्या बाईंनी केली असावी. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. बोटं ठेवायच्या ओळीत उजवीकडे प, र, क, त, च, ट. शिफ्ट दाबली की अल्पप्राणाचा महाप्राण: क चा ख, त चा थ, प चा फ, च चा छ. वरच्या ओळीत ग चा घ, द चा ध, ज चा झ. ल वर शिफ्ट दिली की ळ, मात्रेवर शिफ्ट दिली की पूर्ण स्वर. पाठ करायचं निम्मंच उरतं, बाकीचं बाराखडी सांभाळते. शिवाय गुजराती, बंगाली, कन्नड काहीही निवडा, क तिथेच सापडतो. मला याचा उपयोग फारसा झालेला नाही, पण ऐकणाऱ्यावर छाप पडते.

‘आचाऱ्यांनी’ हा शब्द इथे असा उतरतो: आ, च, काना, मग शिफ्टसह ‘जे’ म्हणजे नुक्त्याचा ऱ, मग ‘डी’वरचा हलन्त (अक्षराचा पाय मोडायची खूण), मग य, काना, अनुस्वार, न, दुसरी वेलांटी. शिफ्ट दाबली तर आचारी, विसरली तर आचार्य. चूक झाली तर ती माझी, कुणी अंदाज केलेला नाही. वेलांटीही उच्चाराच्या क्रमानं पडते: ‘वि’ लिहिताना आधी व, मग पहिली वेलांटी, ती आपणहून उडी मारून पुढे जाते. जुन्या टाइपरायटरवर, रेमिंग्टन मांडणीत, ती आधी मारायची. ज्यांनी टायपिंगच्या क्लासात रेमिंग्टन घोटलंय त्यांना इनस्क्रिप्टवर नेमकं इथे ठेचकाळायला होतं. जाता जाता: लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीसाठी मिनिटाला तीस मराठी शब्दांचं प्रमाणपत्र हवं असेल, तर माझा सल्ला बाजूला ठेवा. परीक्षा ज्या मांडणीवर होणार असेल तीच शिका, क्लासात पहिल्या दिवशी विचारा.

इनस्क्रिप्टमधला खड्डा सांगायलाच हवा, कारण त्यात मी पडले आहे. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला कळणाऱ्या अक्षरांच्या जागतिक यादीत, आलं २००८ साली. त्याआधी हिंदीतला ऍ होता, आणि अ टाकून त्यावर चंद्र ठेवायचा जुगाडही होता. यातला एकसंध ॲ आणि हा जुगाड स्क्रीनवर जुळ्या भावांसारखे दिसतात, कॉम्प्युटरच्या लेखी ते परके. ‘बँक’चंही तसंच: ब वर चंद्रबिंदू दिला तर एक शब्द, ब वर चंद्र आणि मग वेगळा अनुस्वार दिला तर दुसरा. एका कामात ग्राहकानं सगळीकडे ‘ॲप’चं ‘अ‍ॅप्लिकेशन’ करायला सांगितलं. मी शोधा-बदला दिलं आणि रात्री फाइल पाठवली. सकाळी फोन: निम्मी ॲप तशीच आहेत. ती मी अ आणि चंद्र जोडून लिहिली होती, शोधण्याच्या खिडकीत मात्र एकसंध अक्षर घातलं होतं. तेव्हापासून कुठलंही मोठं काम सुरू करण्याआधी ॲ एकाच पद्धतीनं पडतोय ना, हे बघते. रोमनवाल्यांना हा त्रास कमी, त्यांच्या यादीतून शब्द एकाच रूपात येतो. हा गुण त्यांना देऊन टाकू.

आणि एक कबुली. फोनवर मीसुद्धा रोमनमधूनच लिहिते. अंगठ्यांनी लिहायचं म्हटल्यावर डावा-उजवा हात वगैरे सगळी मांडणी फुकट जाते.

बोलून

गूगलनं ऑगस्ट २०१७मध्ये मराठीत बोलून लिहायची सोय दिली, तेव्हा आमच्याकडे सासूबाईंनी आठवडाभर फोनला ताब्यात ठेवला. त्यांची बोटं सांध्यांनी आखडलेली, त्यांच्यासाठी हे वरदानच. त्यांचे मेसेज अजून ओळखू येतात: पाऊण स्क्रीनभर एकच वाक्य, विरामचिन्ह औषधाला नाही, मध्येच ‘गॅस बंद कर गं’. तेही लिहून आलेलं.

वेग म्हणाल तर याला तोड नाही. माझ्या परीक्षेच्या वाक्यात फोननं आचारी बरोबर ओळखले, जे रोमनला जमलं नव्हतं; कानाला फरक कळतो, ए-बी-सी-डीला नाही. ‘कऱ्हाड’चं ‘कराड’ केलं, पण तशा पाट्या तिथेही आहेत, तेव्हा वाद नको. खरी कुरकुर वेगळीच आहे. मी बोलते ‘केलं’, ‘सांगितलं’, आणि स्क्रीनवर येतं ‘केले’, ‘सांगितले’. पुस्तकी. नागपूरच्या मावशींचं वऱ्हाडी तर तो अर्ध्यावरच सोडतो आणि भलतंच प्रमाण मराठी लिहून मोकळा होतो. मावशी म्हणाल्या, ‘याला माझं पटत नाही वाटतं.’

शिवाय हे लोकलमध्ये वापरता येत नाही. येतं, पण मग शेजारच्या बाईला तुमच्या दिराच्या मूळव्याधीची तारीखवार माहिती होते आणि उतरताना ती घरगुती उपायही सांगते.

बोटानं स्क्रीनवर लिहायचीही सोय जीबोर्डमध्ये आहे. चार शब्दांसाठी मजा येते, पत्र लिहायला घेऊ नये.

मग निवड कशी करायची? दिवसाला दहा-वीस मेसेज आणि महिन्याला एखादी नोटीस एवढंच असेल तर रोमन पुरे, पण पाठवण्याआधी शेवटून सुरुवातीकडे एकेक शब्द वाचायचा. सरळ वाचलं तर मेंदू स्वतःच ‘नाका’चं ‘नका’ करून घेतो. बोलून लिहिणं ज्यांची बोटं किंवा डोळे साथ देत नाहीत त्यांच्यासाठी, आणि कच्च्या टिपणांसाठी. ते जसंच्या तसं छापायला देऊ नका. रोज पानभर किंवा जास्त लिहिणार असाल, म्हणजे शिक्षक, वकिलांकडचे कारकून, अनुवादक, सदरं लिहिणारे, तर पंधरा दिवस रोज अर्धा तास इनस्क्रिप्टला द्या. त्या पंधरा दिवसांत नेहमीचं काम जुन्याच पद्धतीनं करा, नाहीतर चौथ्या दिवशी सोडाल. विंडोजची कळ आणि स्पेस एकदम दाबलं की मांडणी बदलते, त्यामुळे परतीचा रस्ता कायम उघडा असतो.

सेक्रेटरीसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, ‘वहिनी, हे पंधरा दिवसांचं जमेल असं वाटत नाही, सात तारखेला टाकी साफ करायची नोटीस लावायची आहे.’ ती नोटीस त्यांनी बोलून लिहिली. ‘पाणी सकाळी नऊ ते दोन बंद राहील हो ना रे’ अशी. ‘हो ना रे’ वॉचमनसाठी होतं.

गेटवरची जुनी नोटीसही परवा बदललेली दिसली. लॅमिनेशनवरून कुणीतरी काळ्या मार्करनं ‘ना’चा काना खोडला आहे. रेघ पट्टी लावून मारलेली आहे, बँकेत खाडाखोड करतात तशी, आणि शेजारी छोटी सहीही आहे.