ट्रेलरच्या हबचं तयार बेअरिंग किट: पैसे बेअरिंगला, लक्ष सीलकडे

३५०० पौंडी (सुमारे १५९० किलो) अ‍ॅक्सलच्या ट्रॅव्हल ट्रेलरसाठी मिळणाऱ्या तयार किटमध्ये एका चाकाच्या हबचा (चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या मध्यभागाचा) सगळा ऐवज येतो: आतलं आणि बाहेरचं टेपर बेअरिंग, दोन्हींचे कप (रोलर ज्यांत फिरतात त्या बाहेरच्या कड्या), एक ग्रीस सील, स्प्लिट पिन (नट फिरू न देणारी) आणि बहुधा धुळीची टोपी. डब्यावर नाव कुणाचंही असो, आतले नंबर बहुतेक तेच. आतल्या बाजूला एल ६८१४९ कोन (रोलर बसवलेली आतली कडी) आणि एल ६८१११ कप, बाहेर एल ४४६४९ आणि एल ४४६१०, सील १०-१९. तरी नुसत्या वजनावर किट मागवू नका. त्याच क्षमतेच्या काही अ‍ॅक्सलचा स्पिंडल (बेअरिंग ज्यावर बसतात तो टोकाचा दांडा) सरळ असतो आणि दोन्हीकडे सारखंच बेअरिंग लागतं. जुन्या कोनच्या कडेवरचा नंबर वाचा. तो पुसला असेल तर स्पिंडल कॅलिपरने मोजा. वरच्या नंबरांसाठी आतली बैठक जवळपास ३५ मिमी आणि बाहेरची २७ मिमी भरते.

किटमधली बेअरिंग साधारण चांगली निघतात. त्यांच्यावर असतं ते गंज रोखायचं पातळ तेल, ग्रीस नव्हे. रॉकेलमध्ये धुऊन पूर्ण वाळवा आणि मगच ग्रीस भरा. वाळवताना हवेच्या झोताने बेअरिंग गरगर फिरवायची हौस नको. कोरडे रोलर घासतात, वेग वाढला तर उडूनही येतात.

कप बदलायचा कंटाळा केला तर किटचे अर्धे पैसे वाया. जुना कोन आणि जुना कप एकमेकांवर झिजलेले असतात. जुन्या कपवर नवा कोन बसवला की तो लवकर खराब होतो. पितळी पंचने आलटूनपालटून दोन्ही बाजूंनी ठोकत जुना कप काढा आणि नवाही तसाच सरळ बसवा. कप तळाला टेकला की ठोक्याचा बद्द आवाज एकदम टणक होतो. तो बदल ऐकू येईपर्यंत थांबू नका. केसभर वर राहिलेला कप पुढे रस्त्यावर खाली बसतो आणि नीट लावलेला प्ले (बेअरिंगला ठेवलेली बारीक मोकळीक) आपोआप वाढतो.

किटची कमकुवत बाजू म्हणजे सील. बऱ्याच किटांत एका ओठाचं (स्पिंडलवर टेकणाऱ्या एकाच रबरी कडेचं) साधं सील देतात. दोन ओठांचं, आत स्प्रिंग असलेलं सील वेगळं घेतलेलं बरं. स्प्रिंगची बाजू ग्रीसकडे, म्हणजे बेअरिंगकडे. सपाट लाकडाचा ठोकळा ठेवून चारी बाजूंनी सारखं ठोका. स्पिंडलवर सील घासतं त्या जागी नखाला चर लागत असेल तर नवं सीलसुद्धा गळणार.

काही किटांबरोबर येणारी ग्रीसची पुडी विसरून जा. डब्यावर ‘जीसी-एलबी’ (चाकाच्या बेअरिंगला आणि चेसिसला चालतं याची खूण) छापलेलं, एनएलजीआय २ दर्जाचं (म्हणजे मध्यम घट्ट) लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस हवं, ड्रॉपिंग पॉइंट (ग्रीस वितळून थेंब पडू लागतो ते तापमान) किमान २३० अंश सेल्सिअस. आधीच्या पॉलियुरिया (वेगळ्या घट्टकाच्या) ग्रीसवर हे चढवू नका. दोन्ही मिसळून पातळ होऊन वाहू शकतात. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद कडा त्यात दाबत राहा. पलीकडच्या अरुंद कडेतून, प्रत्येक रोलरच्या मधून ग्रीस वर आलं पाहिजे.

ट्रेलर चेसिसवर उचला, अ‍ॅक्सलच्या नळीवर नव्हे, आणि बाकीच्या चाकांना अडण लावा. ड्रम (हबसकट फिरणारा ब्रेकचा ड्रम) हाताने फिरवत स्पिंडलच्या टोकाचा नट ५० फूट-पौंड (सुमारे ६८ न्यूटन-मीटर) पर्यंत आवळा. याने रोलर जागेवर बसतात. मग ड्रम न हलवता नट पूर्ण सैल करा आणि नुसत्या बोटांनी टेकेपर्यंत फिरवा. पिनचं भोक जुळत नसेल तर नट मागे घ्यायचा, पुढे कधीच नाही. पिन घातल्यावर नट किंचित हलतो. तो हलायलाच हवा. (काही अ‍ॅक्सलना पिनऐवजी जिभेचं वॉशर असतं. तिथे किटमधली पिन उपयोगाची नाही.) डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं माप) असेल तर प्ले ०.०२५ ते ०.२५ मिमी असावा. गेज नसेल तर टायर वरखाली धरून हलवा. अगदी बारीक टकटक चालते, डोळ्यांना दिसणारा हेलकावा चालत नाही.

सवयीने पान्याचा शेवटचा एक हिसका देणारे इथेच फसतात. घट्ट बेअरिंग तापतं, तापून फुगतं, आणखी घट्ट होतं. ग्रीस पातळ होऊन निसटतं आणि रोलर निळे पडतात. फार सैल राहिलं तर चाक डुलतं, सीलचा ओठ फाटतो आणि ग्रीस ब्रेकमध्ये उतरतं.

स्पिंडलच्या टोकाला ग्रीस निपल (पंपाने ग्रीस भरायचं तोंड) असलेल्या हबचे मालक विचारतात, किट लागतंच कशाला? निपलमधून भरलेलं ग्रीस सील आणि आतल्या बेअरिंगच्या मधे निघतं आणि तिथून बाहेरच्या बेअरिंगकडे येतं. चाक फिरवत, हळूहळू पंप केला तर ही सोय छान आहे. घाईत किंवा थंडीत घट्ट झालेलं ग्रीस दाबलं की सील उलटतं आणि ब्रेक शू माखतात. माखलेले लायनर (शूवरचा घर्षणाचा थर) धुऊन वापरू नका, बदला. शिवाय निपलमधून रोलरवरचे खड्डे किंवा निळे डाग दिसत नाहीत. डेक्स्टरसारखे अ‍ॅक्सल बनवणारे १२ महिने किंवा १२,००० मैल (सुमारे १९,३०० किमी) ही मुदत सांगतात. निपल असो वा नसो, त्या मुदतीला ड्रम उतरवून बघावाच.

काम झाल्यावर चाकाचे नट टॉर्क पान्याने आवळा आणि पहिल्या ५० किमीनंतर पुन्हा तपासा. तेव्हाच सगळ्या हबचं तापमान एकमेकांशी ताडून बघा, शक्यतो ब्रेक फार न वापरता थांबून. एकच हब बाकीच्यांपेक्षा बराच गरम असेल तर तिथला नट किंवा ब्रेक जास्त आवळला गेलाय.

लांबच्या प्रवासाला एक किट सोबत असावं, बेअरिंग आधीच ग्रीस भरून हवाबंद पिशवीत. सील मात्र दोन-तीन जादा घ्या. काढताना ते वाकतंच, पुन्हा बसवता येत नाही.